खेळाचा तास

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

वर्धापनदिनी मंडळातल्या दोघी-तिघींनी आपापल्या आवडीच्या विषयावर बोलावे असा आपला पायंडा आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी त्यांना म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुम्हांला जे कळते तेच बोला." आता मला स्वयंपाक कळतो, पण तो इथे बसलेल्या प्रत्येकीला कळतो. लोणच्या-पापडाविषयी मी तुम्हांला काय सांगावे? दुसरी एकच गोष्ट मला लहानपणी बरी येत असे, ती म्हणजे खो-खो. म्हणून आज मी प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या खेळाविषयी, आणि त्यातही मुलींच्या खेळाविषयी, चार शब्द बोलणार आहे. बोलण्यात काही अधिकउणे झाले तर सांभाळून घ्यावे.

आमची धाकटी चौथीत होती तेव्हाची गोष्ट. पालकसभेला गेले असता वर्गाच्या भिंतीवर वेळापत्रक लावलेले पाहिले. आठवड्यातून दोनदा 'खेळ' असे लाल शाईने लिहिले होते. घरी आल्यावर मी तिला विचारले, "बुधवारी काय खेळलात ग?" ती म्हणाली, "आई, तो तास नुसता भिंतीवर असतो." मी आजूबाजूच्या पाच-सहा घरी चौकशी केली. घरोघरी मातीच्याच चुली. कुठे त्या तासाला गणित होते, कुठे शिष्यवृत्तीचा सराव, कुठे कवितेचे पाठांतर. गणिताचा तास खेळाने खाल्ला असे मात्र एकीनेही सांगितले नाही.

आपण म्हणाल, यात एवढे काय बिघडले? अभ्यासच होतो ना? खेळायचे ते मुले घरी खेळतील. पण भगिनींनो, घरी कुठे खेळतील? आपण लहान असताना दारापुढे अंगण होते, बोळात वाहन फिरकत नव्हते. दिवेलागणीपर्यंत लपंडाव, विषामृत, लगोरी, जिबली चालायची आणि आई हाका मारून थकायची. आता दाराबाहेर पाऊल टाकले की दुचाकी. मूल शाळेतून येते ते शिकवणीला जाते, शिकवणीहून येते ते मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसते. म्हणजे बऱ्याच मुलांना दिवसाकाठी पळायला जागा मिळते ती शाळेतच. तिथलाही तास गेला की त्या मुलाचे पळणेच संपले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगून ठेवले आहे की, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट होतील असे खेळ खेळावेत. पळणे, उड्या मारणे, दोरीवरून उडी, लंगडी, हे सगळे त्यात आले. त्याला पैसा लागत नाही, दूध-बदाम लागत नाहीत. मोकळ्या उजेडात जी मुले खेळतात त्यांना लांबचे कमी दिसण्याचा त्रास कमी होतो, असेही डोळ्यांच्या डॉक्टरांना आढळून आले आहे. दुसरी-तिसरीतल्या मुलांच्या नाकावर चष्मे पाहून आपण हळहळतो आणि त्यांना पुन्हा घरातच बसवतो.

हाडांची गोष्ट तर आपणा बायकांनी नीट समजून घेण्यासारखी आहे. माणसाच्या हाडांत भर पडते ती मुख्यत्वे लहानपणी आणि वयात येताना. विशी-तिशीपर्यंत जी ठेव जमली ती जमली. पुढे तीच पुरवून वापरायची असते. पाळी थांबल्यावर बायकांची ही ठेव भराभर खर्च होऊ लागते. म्हणून म्हातारपणी मोरीत पाय घसरला की खुब्याचे हाड मोडते. आपण मुलीच्या नावाने सोने करतो, पोस्टात पैसे ठेवतो. ही हाडांची ठेव मात्र तिची तिलाच ठेवावी लागते, आणि ती ठेवायची वेळ दहा-बारा वर्षांची असतानाच येते. नेमक्या त्याच वयात आपण तिला सांगतो, "आता पुरे झाले खेळणे."

आता माझ्या खो-खोविषयी. आमच्या गावची शाळा दोन खोल्यांची. फक्कीला पैसे नसत. गुरुजी आम्हा मुलींना घरून चुलीतली राख आणायला सांगत आणि राखेनेच आखणी करीत. दोन टोकांना बाभळीचे दोन खुंट. एवढ्या सामानावर आम्ही वर्षभर खेळलो. ज्यांना हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आठ जणी एका रांगेत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून उकिडव्या बसतात. नववी पळणाऱ्या मुलीचा पाठलाग करते. तिला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा मधेच बदलता येत नाही. पळणारी पलीकडे निसटली की बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून मोठ्याने 'खो' म्हणायचे आणि आपण तिच्या जागी बसायचे. उठलेली पुढे धावते. एकटी कितीही चपळ असली तरी ती सगळ्यांना बाद करू शकत नाही. योग्य वेळी आपली जागा दुसरीला द्यावी लागते, आणि बसलेलीला सतत सावध राहावे लागते. घरात चार जावांनी कसे वागावे याचा धडा मला तिथेच मिळाला असे मी म्हटले तर हसू नका.

हा खेळ आपल्या मातीतला. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले. त्याच साली अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झाले. या मंडळाच्या लोकांनी पुढे १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ परक्या लोकांना करून दाखवले. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीत आपल्या मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही अजिंक्यपद मिळवले. मुलींच्या संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. अंतिम सामन्यात नेपाळवर ७८ विरुद्ध ४० गुणांनी विजय मिळाला. तो सामना मी घरी भाजी निवडत पाहिला. आमच्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अग, हे तर आपलेच खेळ!" मला फार बरे वाटले.

माझे खेळणे सातवीबरोबर संपले. पुढची शाळा दुसऱ्या गावी, जायला एस.टी. एकच. तेव्हा शाळा सुटली ती सुटली. त्याचे दुःख उगाळण्यासाठी मी इथे उभी नाही. पण मुलीचे ते बोलणे ऐकल्यावर मला स्वस्थ बसवेना. आम्ही पाच जणी मिळून मुख्याध्यापिकाबाईंना भेटायला गेलो. तक्रार करायची असेच मनात होते. पण बाईंनी आमच्यापुढे चहा ठेवला आणि आपली अडचण सांगितली, ती ऐकून आम्ही गप्प झालो.

त्या म्हणाल्या, "चार वर्गांना आम्ही दोघी शिक्षिका. पोषण आहाराच्या नोंदी आमच्याकडे, सर्वेक्षणे आमच्याकडे. मैदानात खडे आणि काचा. परवा एका मुलाचा गुडघा फुटला, तर त्याचे वडील शाळेत येऊन तासभर भांडले. गणितात मूल मागे पडले तरी पालक येतात, पडून खरचटले तरी येतात. खेळ झाला नाही म्हणून आलेले पालक मी नोकरीत आज पहिल्यांदा पाहते आहे."

भगिनींनो, या बोलण्यात मोठे सत्य आहे. शाळा आपल्याला काय पाहिजे ते ओळखून वागते. आपण गुण मागतो, शाळा गुण देते. खेळ कुणी मागतच नाही.

कायद्यात खेळाला जागा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेला क्रीडांगण असले पाहिजे आणि वर्गांना लागेल तसे खेळाचे साहित्य मिळाले पाहिजे. पण पहिली ते पाचवीला खेळासाठी वेगळा शिक्षक द्यावा असे त्या कायद्यात नाही. सहावी ते आठवीला, तेही शंभराच्या वर मुले असली तर, शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. म्हणजे लहान मुलांच्या खेळाचा भार वर्गशिक्षिकेवरच. तिला कुणी हात दिला नाही तर तो तास भिंतीवरच राहणार.

तेव्हा आम्ही बाईंना म्हटले, "मैदान आम्ही साफ करतो. बुधवार-शनिवार आमच्यापैकी दोघी मैदानावर उभ्या राहतील. शिकवायचे तुम्ही, लक्ष ठेवायचे आम्ही. आणि कुणाचे खरचटले तर त्याच्या आईला आम्ही समजावू." बाई लगेच तयार झाल्या. एका रविवारी आम्ही खराटे आणि घमेली घेऊन गेलो. तीन घमेली नुसत्या काचा निघाल्या. फक्कीची एक पिशवी, सुताराकडून दोन खुंट, दोऱ्या, चार रबरी चेंडू, एक शिट्टी, आणि हळद, कापूस, पट्ट्या ठेवायला एक डबा. एवढ्यावर काम सुरू झाले.

दोन वर्षे उभे राहून जे पाहिले त्यातले काही सांगते, कारण इतर शाळांतल्या आयांनाही ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, जेवल्याबरोबर खेळ नको. जेवणाआधी किंवा शेवटच्या तासाला ठेवावा. आधी पाच मिनिटे हातपाय मोकळे करावेत, मग वीस-पंचवीस मिनिटे खेळ, मग पाच मिनिटे शांत बसून पाणी. उन्हाळ्यात सकाळीच काय ते खेळावे.

दुसरी गोष्ट, बाद झालेले मूल बाजूला बसवायचे खेळ लहानांना कमी द्यावेत. जो अशक्त किंवा भित्रा, तोच आधी बाद होतो. म्हणजे ज्याला पळण्याची गरज जास्त तोच सर्वांत जास्त वेळ बसून राहतो, आणि पुढे 'मला येत नाही' म्हणून येईनासा होतो. आम्ही असे ठरवले की बाद झालेल्याने दहा उड्या मारायच्या आणि पुन्हा खेळात यायचे. एका मुलाला नजर कमी. त्याला शिट्टी आणि गुण मोजायचे काम दिले होते. काही दिवसांनी तोच म्हणाला, "मला पण पळायचे आहे." तेव्हापासून एक मुलगा त्याचा हात धरून त्याच्याबरोबर पळतो. लंगडीत तर त्याला हात धरावाही लागत नाही.

तिसरी गोष्ट, खेळाचा शिक्षेशी संबंध जोडू नये. गृहपाठ केला नाही म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावले, तर मुलाला धावणे म्हणजे शिक्षा वाटते. आणि दंगा केला म्हणून खेळाचा तास बंद केला, तर त्या मुलाच्या अंगातली रग जायची कुठे? ती पुढच्या तासाला वर्गातच निघते. बाईंनी या दोन्ही गोष्टी बंद केल्या.

चौथी गोष्ट क्रीडादिनाची. वर्षातून एकदा शर्यती होतात. पाच-सहा चपळ मुले महिनाभर सराव करतात, बक्षिसे घेतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात. ज्याला ढाल मिळते त्याचे कौतुक अवश्य करावे. पण शाळेतला खेळ हा पोषण आहारासारखा असावा. तो सगळ्यांच्या ताटात पडला पाहिजे, आणि रोज पडला पाहिजे.

आता मुलींविषयी, ज्यासाठी मी मुख्यतः बोलायला उभी राहिले आहे. पहिली ते तिसरीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्यापुढे पळतात. चौथीच्या सुमारास एकेक मुलगी गळू लागते. कुणी सांगत नाही, भांडण होत नाही. एक दिवस ती कडेला बसते. कारणे विचारली तर साधी असतात. झग्याखाली चड्डी आखूड, पळताना लाज वाटते. चप्पल निसटते आणि बूट नाहीत. शाळेच्या संडासात पाणी नाही, म्हणून मुलगी दिवसभर पाणीच पीत नाही, आणि पाणी प्याली नाही की खेळताना चक्कर येते. घरी धाकट्या भावाला सांभाळायचे असते. आणि मुलगी शहाणी झाली की मग सगळेच संपले. हल्ली दहाव्या-अकराव्या वर्षीसुद्धा कित्येक मुलींना न्हाण येते, तेव्हा हा प्रश्न प्राथमिक शाळेतलाच झाला आहे.

पाचवीत एक मुलगी आहे. खो-खोत तिच्यासारखी सूर मारणारी मी दुसरी पाहिली नाही. दिवाळीनंतर ती खेळायची थांबली. तिच्या आजीने सांगितले, "आता मोठी झाली, मैदानात उड्या मारणे शोभत नाही." मी दोनदा घरी जाऊन आले. आजींनी पाट दिला, चहा दिला, पण म्हणणे सोडले नाही. ती मुलगी अजून बुधवारी-शनिवारी मैदानाच्या कडेला येऊन बसते. खेळणाऱ्या मुली आपापल्या चपला तिच्याजवळ ठेवतात आणि ती त्या सांभाळते. कुणी चुकीचा खो दिला की ती बसल्या जागेवरून ओरडते. या मुलीचे काय करावे हे मला एकटीला सुचत नाही, म्हणून ते मी मंडळापुढे मांडते आहे. आजींना माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, त्यांच्या बरोबरीच्या बायकांनी जाऊन सांगितले तर कदाचित त्या ऐकतील. अशा वडीलधाऱ्या भगिनी आज इथे पुढच्याच रांगेत बसल्या आहेत.

त्यांना काय सांगावे? त्या दिवसांत मुलीने खेळू नये असे शास्त्र नाही. त्रास होत नसेल तर हालचालीने अपाय होत नाही, उलट कित्येकींच्या पोटातली कळ कमी होते. त्रास झाला तर एक दिवस बसावे, वर्षभर कशाला? उन्हाने काळी पडेल म्हणावे, तर शेतात खुरपायला जाताना ते कुणी पाहत नाही. पडून खूण राहिली तर लग्नाला अडचण येईल म्हणावे, तर चुलीजवळ भाजल्याच्या खुणा आपणा सगळ्यांच्याच हातावर आहेत, त्यापायी कुणाचे लग्न अडले नाही.

आपला सातारा जिल्हा खेळाडूंचा आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, ते स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, दुष्काळी गावातल्या शेतकऱ्याची मुलगी, २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत धावली आणि दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा धावली, त्यानंतर ऑलिंपिकच्या वैयक्तिक मैदानी शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी ही पहिली भारतीय मुलगी. तिलाही कुणीतरी 'आता पुरे' म्हटले असते तर? अर्थात प्रत्येक मुलगी ललिता होणार नाही, आणि त्यासाठी मी हे सांगतही नाही. जिला कधीच पदक मिळणार नाही तिच्यासाठी मी बोलते आहे. तिलाही पुढे बाळंतपणे काढायची आहेत, पाण्याच्या कळश्या आणि सिलिंडर उचलायचे आहेत, एस.टी. मागे धावायचे आहे, आणि प्रसंग आला तर एखाद्या दांडगटाच्या हाताला हिसडा देऊन पळायचे आहे. तेवढे बळ आणि तेवढा धीर तिच्या अंगी शाळेतच यावा.

शेवटी मंडळाला तीन विनंत्या करते.

एक, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्यापैकी कितीतरी जणींची नावे अशा समित्यांवर आहेत, पण सही करण्यापलीकडे आपण तोंड उघडत नाही. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एवढेच विचारावे, "या महिन्यात खेळाचे तास किती झाले?" आणि दुसरे विचारावे, "मुलींच्या संडासात पाणी आहे का?"

दोन, दरवर्षी मंडळ शाळेला काहीतरी भेट देते. गेल्या वर्षी भिंतीवरचे घड्याळ दिले. यंदा मुलींसाठी खेळायच्या चड्ड्या शिवून द्याव्यात. कापड मंडळाने आणावे. शिवणाचे यंत्र आपल्याकडे दहा-बारा जणींच्या घरी आहे. एका दुपारी बसलो तर चाळीस चड्ड्या सहज होतील.

तीन, शाळेच्या मैदानावर लग्नाचे मांडव पडतात, वाहने उभी राहतात आणि दुसऱ्या दिवशी खिळे-काचा मुलांच्या पायात जातात. ज्याच्या घरचे कार्य असेल त्याने मैदान झाडून परत द्यावे, असा ठराव आज करावा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवावा. मैदान गावाचे आहे, पण आधी ते मुलांचे आहे.

मी फार वेळ घेतला. येत्या बुधवारी चार वाजता आम्ही मैदानावर आहोतच. ज्यांना जमेल त्यांनी यावे. येताना पाण्याची एक कळशी भरून आणावी.